मध्ये उजवा, काठाला डावा

कॉन्ट्रा म्हटलं की माझ्या पिढीला टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम आठवतो. उघड्या अंगाचे दोन सैनिक, उजवीकडे पळत सुटायचं आणि दिसेल त्याला गोळ्या घालायच्या. त्यामुळे बॉस्टनमध्ये नोकरीला लागून तीन महिने झाले असताना ऑफिसातल्या एकाने विचारलं, "शनिवारी कॉन्ट्राला येतोस का?" तेव्हा मी लगेच हो म्हटलं. वाटलं, जुने गेम खेळणारी मंडळी असतील, पिझ्झा असेल.

त्याने मला तासभर गाडी चालवून एका छोट्या गावातल्या लाकडी हॉलमध्ये नेलं. स्टेजवर फिडल, पियानो आणि गिटार. खाली शंभरेक माणसं: कॉलेजातली पोरं, सत्तरीतल्या आज्या, घेरदार स्कर्ट घातलेले दाढीवाले पुरुष. दाराशी बाहेरचे बूट काढून स्वच्छ बूट घालायचे, कारण जमीन लाकडी. दारूचा थेंब नाही, नुसत्या पाण्याच्या बाटल्या. आणि माझ्या रंगाचा माणूस अख्ख्या हॉलमध्ये मी एकटा.

अर्ध्या तासात मी नाचत होतो, म्हणजे हातोहात पुढे ढकलला जात होतो. मजा येत होती. मग पाचव्या नाचात स्टेजवरून शब्द आला, 'हे'. मराठीतलं सर्वनाम नव्हे आणि आजीचे 'हे' तर नव्हेतच. 'हे' हे एका आकृतीचं नाव आहे. चौघांनी एकमेकांच्या मधून वेणीसारखं विणत जायचं. मी दोन पावलं बरोबर टाकली आणि तिसऱ्याला एका आज्यांवर थेट आदळलो. माझी हनुवटी, त्यांचं कपाळ. मी जागच्या जागी उभा राहून सॉरी सॉरी करत होतो, तर त्या कपाळ चोळत हसल्या आणि म्हणाल्या, "थांबू नकोस, पुढचा येतोय."

पुढचा आला आणि मी त्यालाही धडकलो.

चौसष्ट ठोके

कॉन्ट्राची रचना कुठल्याही प्रोग्रॅमरला बघताक्षणी आवडावी अशी आहे. दोन लांब रांगा समोरासमोर. बँडच्या बाजूच्या टोकापासून चार-चार जणांचे गट पाडायचे, म्हणजे प्रत्येक गटात दोन जोड्या. धून दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा वाजतो, सगळे मिळून ६४ ठोके. त्या ६४ ठोक्यांत आठ-आठ किंवा सोळा-सोळा ठोक्यांच्या आकृत्या बसवलेल्या असतात. चक्कर संपलं की अर्ध्या जोड्या एक घर खाली सरकतात, अर्ध्या एक घर वर. समोर नवी जोडी, आकृत्या त्याच. टोकाला पोहोचलेली जोडी एक चक्कर बाहेर थांबते, वळते आणि उलट्या दिशेने रांगेत परत शिरते. सरळ फॉर लूप आहे. दहा-पंधरा चकरांत रांगेतल्या बहुतेकांशी तुमची गाठ पडून जाते.

जोडीतल्या दोघांना पूर्वी 'जेंट' आणि 'लेडी' म्हणत. गेल्या दशकात बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी 'लार्क' आणि 'रॉबिन' ही पक्ष्यांची नावं आली. लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे. इंग्रजीत लेफ्ट आणि राइटची आद्याक्षरं जुळतात म्हणून. बाईने लार्क व्हावं, पुरुषाने रॉबिन व्हावं, कोणाची ना नाही.

आता 'हे'. चौघे जण एका ओळीत आहेत असं समजा. मधले दोघे, बहुधा दोन्ही रॉबिन, तोंडाला तोंड करून. त्यांच्या पाठीमागे एकेक लार्क. रॉबिन एकमेकींच्या उजव्या खांद्याला उजवा खांदा देत मधून जातात. लगेच काठाला समोरून येणाऱ्या लार्कला डावा खांदा. आता रॉबिन बाहेर पडल्या आणि लार्क मध्ये आले. लार्क एकमेकांना उजवा खांदा देऊन जातात, तोवर रॉबिन बाहेर डावीकडे वळसा घेऊन परत आत शिरतात. असं चालत राहायचं. हात कोणी कोणाला द्यायचा नाही. प्रत्येक ओलांडणीला दोन ठोके, आठ ओलांडण्यांत सोळा ठोके, आणि चौघेही जिथून निघाले तिथे परत.

वाचताना सोपं वाटतं. करताना दोन ठोक्यांना एक सेकंद मिळतो, आणि त्या एका सेकंदात समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला नेमका कुठला खांदा द्यायचा हे शरीराने ठरवायचं असतं. शरीर सवयीने ठरवतं. आपण भारतात रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, समोरचा आपल्या उजव्या हाताने निघून जातो. म्हणजे आपण जन्मभर उजव्या खांद्याने ओलांडत आलो. अमेरिकेत उलटं. त्यामुळे मध्ये उजवा खांदा द्यायचा तिथे मी बिनचूक असायचो आणि अमेरिकन नवखे गडबडायचे. काठाला डावा द्यायचा तिथे ते बिनचूक आणि मी आज्यांच्या कपाळावर. हे मला कळायला सहा महिने लागले. कळल्यावर मात्र धडका थांबल्या.

माझी स्लाइड

वर्षभर नियमाने गेल्यावर आयोजकांनी मला एक काम दिलं. नाच सुरू होण्याआधी अर्धा तास नवख्यांसाठी वर्ग असतो. त्यातली शेवटची दहा मिनिटं माझी: 'हे' शिकवायचं.

मी तयारी केली ती माझ्या धंद्याला शोभेल अशी. चार रंगांचे चार ठिपके, प्रत्येकाची वाट त्याच्या रंगाच्या रेषेने उमटते, खाली ठोक्यांचा आकडा धावतो. दोन रात्री जागून ॲनिमेशन केलं. लॅपटॉपवर बारा-तेरा नवख्यांना दाखवलं. सगळे "वा" म्हणाले. खरंच सुंदर दिसत होतं, तीन पाकळ्यांचं फूल उमलल्यासारखं.

मग त्यांना उभं केलं आणि मिनिटभरात तीनही गटांची भेळ झाली. कोणी टोकाला जाऊन थांबून राहिलं, कोणी उजवीकडे वळलं, कोणी बाहेर न पडता मधूनच मागे फिरलं. मी "निळा ठिपका आठवा" असं ओरडत होतो. एकजण म्हणाला, "पण मी निळा आहे की हिरवा?" वेळ संपली, बँड सुरू झाला.

त्या वर्गात माझ्याच वयाचा एकजण एकटा आला होता. तो खुर्चीवर बसला, बूट बदलले, कोट घातला आणि पहिल्या नाचाआधीच निघून गेला. पुन्हा कधी दिसला नाही. एकट्याने अनोळखी हॉलमध्ये यायला किती धीर लागतो हे मला चांगलं माहीत होतं, आणि त्याचा तो धीर मी दहा मिनिटांत संपवून टाकला होता.

त्या रात्री घरी येऊन मी शोधायला लागलो: लोक ही आकृती पूर्वी कशी शिकायचे?

वरून काढलेला नकाशा

शोध बराच मागे गेला. १५८९ साली फ्रान्समधल्या लाँग्र गावात 'ऑर्केसोग्राफी' नावाचं पुस्तक छापलं गेलं. लेखक त्वानो आर्बो, हे टोपणनाव. खरं नाव जेहाँ ताबूरो, चर्चमधला एक वयस्कर अधिकारी. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. काप्रिओल नावाचा तरुण वकील आर्बोकडे येतो आणि रडगाणं गातो की तलवारबाजी येते, टेनिस येतं, पण नाचता येत नसल्याने मुलींपुढे पंचाईत होते. मग म्हातारा त्याला एकेक नाच शिकवतो. त्यात एक नाच आहे 'ब्रान्ल द ला हे'. फ्रेंचमध्ये 'हे' म्हणजे कुंपण, काटक्या एकमेकींत गुंफून केलेलं. आकृतीचं नाव याच शब्दावरून आलं असं बरेच जण मानतात.

काप्रिओलला निदान गुरू होता. पुढच्या पुस्तकात तोही नाही. १६५१ साली लंडनमध्ये जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाने 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' काढलं. दोन वर्षांपूर्वी राजाचं मुंडकं उडवलेलं, देशात कडक धर्मनिष्ठांची सत्ता, आणि हा माणूस १०५ नाचांचं पुस्तक विकतोय, तेही वकिलांच्या वस्तीतल्या दुकानातून. प्रत्येक नाचाला धून, खाली चार ओळींच्या सूचना. माणसांच्या जागा दाखवायला चंद्रकोर आणि मध्ये टिंब असलेलं वर्तुळ, एक खूण पुरुषांची, एक बायकांची. आजचे लार्क आणि रॉबिन पाहून ज्यांना हसू येतं त्यांनी हे लक्षात ठेवावं. पावणेचारशे वर्षांपूर्वीही माणसांना दुसरीच नावं देण्याची सोय लागली होती.

पण 'हे' कसं करायचं? प्लेफर्ड फक्त म्हणतो, 'हे' करा. आमच्या धंद्यात असं डॉक्युमेंटेशन रोज भेटतं: फंक्शन वापरा असं लिहिलेलं असतं, ते काय करतं हे कुठेच नसतं. ज्याने लिहिलं त्याला ते इतकं उघड वाटत होतं की सांगावंसंच वाटलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल शार्प हा संगीताभ्यासक प्लेफर्डमधले नाच पुन्हा उभे करायला बसला, तेव्हा त्याला अशा त्रोटक शब्दांचा अर्थ लावण्यात डोकं घालावं लागलं. ते नाच त्याने १९११ पासून छापले.

मधल्या काळात हे नाच फ्रान्समध्ये गेले. इंग्रजीत 'कंट्री डान्स', तिकडे 'काँत्रदान्स' झाला, आणि 'काँत्र' म्हणजे समोरासमोर, रांगाही समोरासमोर, त्यामुळे ते नाव चपखल बसलं. तेच वळण घेऊन शब्द पुढे 'कॉन्ट्रा' झाला. १७०६ साली राऊल फ्ये या नृत्यशिक्षकाने अशा नाचांचा संग्रह काढला, त्यात जमिनीवरच्या वाटा रेषांनी काढून दाखवल्या. छतावरून बघितल्यासारख्या.

आणि १७५३ साली विल्यम होगार्थ या चित्रकाराने सौंदर्यावर पुस्तक लिहिलं, 'द ॲनालिसिस ऑफ ब्यूटी'. त्याचा सिद्धांत असा की नागमोडी रेषा सगळ्यांत सुंदर. पुराव्यादाखल तो कंट्री डान्समधल्या 'हे'चं उदाहरण देतो. ही आकृती जमिनीवर रेखाटली तर एकमेकांत गुंतलेल्या इंग्रजी 'एस' अक्षरांची गुंफण दिसेल, असं त्याचं म्हणणं, आणि त्याने ती काढूनही दाखवली. असे सांघिक नाच नाट्यगृहाच्या वरच्या गॅलरीतून एका नजरेत पाहावेत, असंही तो सुचवतो.

ते चित्र पाहून मी ओशाळलो. रंग आणि आकडे सोडले तर ती माझीच स्लाइड होती. होगार्थचं काही चुकलं नव्हतं, तो बघणाऱ्यासाठी लिहीत होता. मी नाचणाऱ्याला गॅलरीत नेऊन बसवलं होतं.

रांगेची शेपटी

मग सामान्य माणूस शिकायचा कसा? पैसेवाल्यांकडे नृत्यशिक्षक यायचे. बाकीच्यांना रांगच शिकवायची.

'प्राइड अँड प्रेज्युडिस' सिनेमातल्या त्या समोरासमोरच्या रांगा आठवा. त्या काळी सगळ्या जोड्या एकदम सुरू होत नसत. फक्त सगळ्यात वरची जोडी सुरू करायची, शेजारच्या एक-दोन जोड्यांबरोबर. मग एक घर खाली, पुन्हा तेच. खालच्या जोड्या आपल्यापर्यंत नाच पोहोचेपर्यंत नुसत्या उभ्या. आज आपल्याला हे कंटाळवाणं वाटेल. पण शेपटीला उभ्या असलेल्या नवख्याला तीच आकृती पाच-सहा वेळा डोळ्यासमोर बघायला मिळायची. वाट बघण्यातच शिकवणी होती.

अमेरिकेत हे नाच इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर गेले. एकोणिसाव्या शतकात शहरांत क्वाड्रिल, वॉल्ट्झ, पोल्का आले आणि लांब रांगा जुनाट ठरल्या. न्यू हॅम्पशायर, व्हर्माँट, मेन अशा उत्तरेकडच्या खेड्यांत मात्र त्या टिकल्या. विसाव्या शतकात न्यू हॅम्पशायरच्या राल्फ पेज यांनी ते नाच चालवले आणि १९४९ पासून 'नॉर्दर्न जंकेट' या मासिकात लिहून ठेवले. साठ-सत्तरच्या दशकांत डडली लॉफमन यांच्यामागे शहरं सोडून खेड्यांकडे निघालेली तरुण पोरं आली आणि हॉल पुन्हा भरले.

याच काळात दोन बदल झाले. इंग्लिश आणि स्कॉटिश नाचांतून चौघांचं 'हे' कॉन्ट्रात रुजलं. स्कॉटिश लोक त्याला रील म्हणतात. आणि नवे नाच असे रचले जाऊ लागले की सगळ्या जोड्या पहिल्या ठोक्यापासून नाचतील, कोणी नुसतं उभं राहणार नाही. हा बदल सगळ्यांना हवासा होता. पण त्याने नवख्याची शेपटी काढून घेतली. आता बघून शिकायला वेळच नाही. बँड सुरू झाला की तुम्ही आत.

म्हणून सगळी भिस्त एका माणसावर आली. कॉलर.

गॅलरीतला आवाज

कॉलर, शर्टाची नव्हे. स्टेजवर माइक घेऊन उभं राहून आकृत्या पुकारणारा किंवा पुकारणारी. आधी संगीताशिवाय एकदा-दोनदा चालून दाखवायचं. मग बँड सुरू झाला की प्रत्येक आकृतीचं नाव तिच्या आधी दोन-चार ठोके सांगायचं, म्हणजे लोक वेळेवर निघतात. ठोक्यावर सांगितलं तर उशीर झालेला असतो.

मला वाटत होतं की हा पुकारा नाचाबरोबर इंग्लंडहूनच आला असणार. तसं नाही. युरोपातल्या त्या नाचांत कोणी पुकारत नसे; नाच पाठ असणं हेच खानदानीपणाचं लक्षण होतं. पुकारणं अमेरिकेत सुरू झालं. कॉलर आणि अभ्यासक फिल जेमिसन यांनी 'होडाउन्स, रील्स अँड फ्रॉलिक्स' या २०१५ च्या पुस्तकात दाखवलं आहे की सुरुवातीचे पुकारणारे प्रामुख्याने काळे वादक होते. गोऱ्यांच्या समारंभात फिडल वाजवायला गुलाम किंवा मुक्त काळे वादक असत. आकृत्या त्यांना पाठ झालेल्या. वाजवता वाजवता ते पुढची आकृती ओरडून सांगू लागले.

अमेरिकी संसदेच्या इमारतीवर काम केलेला वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब १८१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला होता. तिथल्या एका नाचसमारंभाची नोंद त्याने करून ठेवली. वादकांच्या गॅलरीत एक उंच काळा माणूस उभ्याने डफासारखं वाद्य वाजवतोय आणि बदलत्या आकृत्या मोठ्याने पुकारतोय. लॅट्रोबला त्याचे कपडे आवडले नाहीत, आवाज तर अजिबात आवडला नाही. नाव त्याने लिहिलं नाही.

'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. तो ज्याच्या आयुष्यावर आहे तो सॉलोमन नॉर्थप फिडल वाजवणारा होता. १८४१ मध्ये दोघांनी त्याला फसवलं ते सर्कशीत वाजवायचं काम देतो असं सांगून. गुलामगिरीतही त्याला आसपासच्या मळ्यांवर नाचासाठी वाजवायला नेत.

हे वाचल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. होगार्थ गॅलरीत बसून खालची वेणी पाहतो आणि तिला सुंदर म्हणतो. न्यू ऑर्लिन्सचा माणूसही गॅलरीतच आहे, पण त्याला खाली यायची मुभा नाही, आणि तो खालच्यांना सांगतोय की आता काय करायचं. ज्यांना त्या जमिनीवर पाऊल ठेवता येत नव्हतं, त्यांच्या आवाजाने ती जमीन पुढे नवख्यांसाठी मोकळी झाली.

पुढे या गोष्टीवर पडदाही पडला. मोटारवाले हेन्री फोर्ड यांनी १९२३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सडबरी गावातली एक जुनी खाणावळ विकत घेतली आणि जुन्या नाचांच्या प्रेमात पडले. बेंजामिन लव्हेट या नृत्यशिक्षकाला त्यांनी आपल्या गावी, डिअरबॉर्नला नेलं आणि १९२६ मध्ये 'गुड मॉर्निंग' नावाचं नाचांचं पुस्तक काढलं. नाच वाचवण्याचं थोडं श्रेय त्यांना द्यावंच लागेल. पण त्याच फोर्ड यांच्या वृत्तपत्राने १९२१ मध्ये जॅझ म्हणजे ज्यूंनी पसरवलेली घाण, अशा अर्थाचे लेख छापले होते. त्यांच्या दृष्टीने जुने नाच हे त्यावरचं औषध: शुद्ध, सभ्य, गोऱ्या पूर्वजांचे. त्या औषधात काळ्या वादकाचा आवाज मिसळलेला आहे हे सांगायची गरज कोणाला वाटली नाही.

पहिल्या रात्री हॉलमध्ये पाऊल टाकल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न होता, कोणाला न विचारलेला. हे सगळं यांचं आहे, मी पाहुणा. कोणी तसं वागवलं नव्हतं. उलट एकूणएक जण प्रेमाने वागत. तरी चुकलो की वाटायचं, आपण यांचं काहीतरी बिघडवतोय. लॅट्रोबच्या नोंदीनंतर ते वाटणं कमी झालं. 'यांचं' म्हणजे नक्की कोणाचं, हे इतकं सरळ राहिलंच नाही.

एक आतून, एक बाहेरून

आयोजकांकडे मी पुन्हा दहा मिनिटं मागितली. या वेळी लॅपटॉप घरी ठेवला.

खरं तर मला हे शिकवायची रीत लहानपणापासून माहीत होती, फक्त ओळखू आली नव्हती. सांगलीला शाळेत आम्ही गोफ विणायचो. वर मध्ये अडकवलेल्या रंगीत ओढण्या, प्रत्येकाच्या हातात एक टोक, अर्धे एका दिशेने, अर्धे उलट. एकाच्या आतून जायचं, दुसऱ्याच्या बाहेरून. वर गोफ आपोआप विणला जातो, आणि उलट्या पावलांनी उलगडतो. एकजण चुकला की गाठ बसते आणि ती सगळ्यांना दिसते. आमच्या बाईंनी आम्हाला गोफाची आकृती कधी काढून दाखवली नाही. त्या मध्ये उभ्या राहून एवढंच म्हणायच्या, "एक आतून, एक बाहेरून. वर बघू नका, समोरच्याकडे बघा." वर बघणारा हमखास चुकायचा, कारण गोफ दिसायला फार छान असतो.

हॉलमध्ये चार-चार जणांना मी एका ओळीत उभं केलं. 'हे' हा शब्दच काढला नाही. सांगितलं, समोर जो येईल त्याच्या डोळ्यांत बघा. ओळीच्या मध्यभागी भेटला तर उजवा खांदा, काठाला भेटला तर डावा. समोर कोणी उरलं नाही की तुम्ही बाहेर आहात. मग डावीकडे मोठा वळसा घ्या, घाई नको, आतले दोघे एकमेकांना ओलांडतायत, तेवढा वेळ तुमच्याकडे आहे. थांबू मात्र नका.

संगीताशिवाय, सावकाश, मी पुकारत होतो: मध्ये उजवा, काठाला डावा, बाहेरचे वळा. मध्ये उजवा, काठाला डावा, बाहेरचे वळा.

पहिल्या फेरीत धडका झाल्या. दुसऱ्यात कमी. एका मुलीला टोकाला गेल्यावर उजवीकडेच वळायची ओढ होती. तिला मी बाहेर एक खुर्ची ठेवून दिली आणि म्हटलं, हिला डाव्या हाताला ठेवून फेरी मार. तिसऱ्या फेरीला ती खुर्ची न बघता वळली. चौथ्या फेरीला मी खुर्ची काढून घेतली, तिला कळलंही नाही. शेवटी मी सांगितलं की तुम्ही आत्ता जे केलंत त्याला 'हे' म्हणतात आणि ते चारशेहून जास्त वर्षं जुनं आहे. मग त्यांना गॅलरीतल्या त्या बिननावाच्या माणसाबद्दलही दोन वाक्यं सांगितली. दहा मिनिटांत तेवढंच बसत होतं.

रात्री तिसऱ्या नाचात 'हे' आलं. कॉलरने पहिल्या चार-पाच चकरांना सगळं पुकारलं. मग एकेक शब्द गाळायला सुरुवात केली. आधी लांब वाक्यं गेली, मग फक्त 'हे' एवढंच, आणि मग काहीच नाही. चांगला कॉलर असाच हळूहळू गप्प होतो, कारण नाच आता त्याच्या आवाजातून निघून रांगेत उतरलेला असतो. नुसतं फिडल आणि शंभर जोडी बुटांचा आवाज.

मी रांगेत लार्क होतो. वर्गातल्या पोरांपैकी चौघे जण दोन घरं पुढे 'हे' करत होते, कोणी न सांगता. मध्ये उजवा, काठाला डावा. मी मान वळवून बघायला लागलो, कारण ते दिसायला फार छान होतं.

काठाला समोरून ती खुर्चीवाली मुलगी आली. मी जन्मजात सवयीने उजवा खांदा पुढे केला.

"डावा," ती म्हणाली, आणि न थांबता बाजूने निघून गेली.